कानातल्यांची पूर्वतयारी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, सावेडीतल्या निसळांच्या घरी मनवाने आपल्या आईकडे एक मागणी नोंदवली. मनवाचं लग्न मार्गशीर्षात होतं. सोनं सोनाराकडून यायचं होतं, पैठणी येवल्याहून, जेवण केटररकडून. रिसेप्शनला कानात घालायला एक जोड मात्र आईने स्वतःच्या हाताने करून द्यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुण्यात तिच्या ऑफिसातल्या मुली पॉलिमर क्लेची कानातली घालत. ही क्ले म्हणजे नावाला माती. खरं तर रंगीत, मऊ प्लॅस्टिकची कणीकच. हवा तो आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजायचा, की ती कडक होते. तिला धातूची कडी आणि हूक जोडलं की दागिना तयार. मनवा येताना पिवळ्या मातीचं एक छोटं पाकीट घेऊनही आली होती.

"शेवंतीची फुलं कर," ती म्हणाली. "मोदकाच्या कळ्या काढतेस ना, तशाच पाकळ्या काढ. सगळं विकतच मिळतंय गं आई. हे एक तुझ्या हातचं असू दे."

सुमेधाताईंनी पाकीट दाबून पाहिलं. करंजीच्या पिठापेक्षा जरा घट्ट लागलं, एवढंच. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवताना त्यांनी कागदाचे, मातीचे, भेंडीच्या ठशांचे एवढे प्रकार केले होते की हे त्यांच्या दृष्टीने काम नव्हतंच. लेक लग्नानंतर बंगळुरूला जाणार होती. तिच्याबरोबर आपल्या हातचं काहीतरी जाणार, या विचाराने त्यांना भरून आलं. चार वाजले होते. दिवेलागणीच्या आत जोड करून टाकावी, म्हणून त्या उठल्या.

तेवढ्यात हेमचंद्र निसळांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारलं, "साहित्य काय काय लागेल?"

प्रश्न साधा होता. घात त्यानेच केला.

हेमचंद्र निसळ एका निमसरकारी कार्यालयाच्या भांडार विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातून एकही वस्तू गहाळ झाली नाही, कारण एकही वस्तू बाहेर गेली नाही. निरोप समारंभात साहेबांनी याचा गौरवाने उल्लेख केला होता. हेमचंद्रांचा एक सिद्धान्त होता आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ होता: कामं अर्धवट राहतात, याचं मूळ कारण ती सुरू केली जातात.

"लागतंय काय?" सुमेधाताई म्हणाल्या. "माती आहे. पोळपाट-लाटणं आहे. भोक पाडायला टूथपिक आहे."

"पोळपाट घरगुती प्रयोजनासाठी आहे. तो कलेकडे वळवता येणार नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"ते आधी कळत नाही, म्हणूनच तयारी ठेवायची असते," हेमचंद्र शांतपणे म्हणाले. "आणि मुलीच्या लग्नातलं काम आहे. तिथे टूथपिक? शोभतं का?"

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. हेमचंद्रांचं मुलीवर फार प्रेम होतं. ते मायेने जवळ घेणाऱ्यांतले नव्हते. पण मनवा पहिलीत जायची होती तेव्हा त्यांनी तिच्यासाठी बारावीपर्यंतच्या कंपासपेट्या आणून ठेवल्या होत्या. तेव्हा या माणसाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. गोष्टीतला सगळा धोका त्यातच आहे.

पहिला निर्णय असा झाला की पिवळं पाकीट हा नमुना असून तो खरेदी पूर्ण होईपर्यंत जतन करावा. नमुना वापरला तर पुढचा माल कशाशी ताडून पाहणार? सुमेधाताईंनी पाकीट स्टीलच्या डब्यात घातलं आणि उन्हाने बिघडू नये म्हणून फ्रीजमध्ये, सायीच्या भांड्यामागे ठेवून दिलं. आठवडाभराचाच प्रश्न आहे, असं त्या मनवाला म्हणाल्या.

मनवाचा भाऊ केदार नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनीयर होता. त्याने खिशातून मोबाईल काढला. "बाबा, आत्ता मागवतो. परवा दारात येईल."

"कोणाकडून?"

"फोनवरून."

"फोनला शिक्का असतो का?"

केदारने मोबाईल खिशात ठेवला. तीन दरपत्रकं मागवायचं ठरलं.

पहिलं दरपत्रक गनीभाईंचं. जुन्या नगरात गनीभाईंचं हत्यारांचं दुकान होतं. सोनारकामाची हत्यारं, कासारकामाची, सुतारकामाची, आणि नेमकी कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही अशीही पुष्कळ हत्यारं तिथे छतापर्यंत लटकत. पॉलिमर क्ले ते पुण्याहून मागवून देऊ शकत होते. दुसरं दरपत्रक एका खेळण्यांच्या दुकानाचं मिळालं. पण त्यावरच्या शिक्क्यात गावाचं जुनं नाव होतं, म्हणून ते हेमचंद्रांनी परत केलं. जिल्ह्याचं नाव बदललेलं आहे, शिक्काही बदलून आणा. दुकानदाराने नवा शिक्का करायला टाकला. तो येईपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागली. तिसऱ्या दरपत्रकाची अडचण वेगळीच होती. तिसरं दुकानच नव्हतं.

नियमाला तीन लागतात म्हटल्यावर तीन लागतात. हेमचंद्र जामखेड रस्त्यावरच्या बजरंगच्या कृषी सेवा केंद्रात गेले. बजरंग त्यांच्या जुन्या ओळखीतला. खतं, बियाणं, औषधं विकायचा.

"सायेब, असली माती म्या डोळ्यानं बी बघितली न्हाई," तो म्हणाला. "पन दर लिवून द्यायला काय जातंय? लिवतो की."

त्याने मनाला येईल तो दर लिहिला. साहजिकच तो सर्वांत कमी निघाला, आणि साहजिकच सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराला काम मिळालं. पुरवठ्याचा आदेश हातात पडल्यावर बजरंगला घाम फुटला.

"पन माझ्याकडं न्हाई ओ ती माती."

"तो पुरवठ्याचा प्रश्न झाला," हेमचंद्र म्हणाले. "आपण आत्ता दराच्या टप्प्यावर आहोत."

बजरंग शब्दाचा पक्का. शोध घेत घेत तो गनीभाईंपर्यंत पोचला, त्यांच्याकडून माती घेतली आणि आपल्या पद्धतीने ती पाठवली. "सुट्टं आमी कायच देत न्हाई, गोनीच घ्यावी लागंल," ही त्याची एकच अट होती. अशा रीतीने वैशाखातल्या एका दुपारी खताच्या गोणीत भरलेली पॉलिमर क्ले टेम्पोतून निसळांच्या दारात उतरली. पारनेर तालुक्यातल्या प्रत्येक कानाला पुरली असती. घरात एवढी जागा नव्हती, म्हणून ती पत्र्याखालच्या माळ्यावर चढवली गेली.

"आता करू का सुरू?" सुमेधाताईंनी विचारलं.

"माती आली. हत्यारं कुठे आलीत?"

मग दोघं मिळून गनीभाईंच्या दुकानात गेले. गनीभाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि काउंटरवर लाल मखमल अंथरली. त्यावर पकडी मांडल्या.

"वैनी, दागिन्याला चार पकडींचा सेट लागतो. ही गोल तोंडाची, कडी वळवायला. ही चपटी, धरायला. ही तार तोडायला."

"आणि चौथी?"

"चौथी सेटात येते."

"तिचं काम काय?"

गनीभाईंनी जरा विचार केला. "काम म्हनाल तर... माझ्या वालिदांपासून विकतोय. आजपर्यंत कुनी परत आनली नाही." मग त्यांनी खणात हात घालून पाहिलं. "पन आत्ता ती शिल्लक नाही. तीन घेऊन जावा. चौथी आली की फोन करतो."

"सेट अपुरा आहे," हेमचंद्र म्हणाले, आणि तिथेच मनवाच्या कानातल्यांचं भवितव्य ठरलं. चौथी पकड आल्याशिवाय संच पूर्ण नाही. संच पूर्ण झाल्याशिवाय काम नाही.

तोवर बाकीची जमवाजमव थांबवायचं कारण नव्हतं. गनीभाईंकडे प्रत्येक वस्तूसोबत आणखी एक वस्तू 'लागतेच' अशी होती. पकडीला तार लागते. तारेला ऐरण लागते. ऐरणीला हातोडी, हातोडीला कानस, आणि एवढं झाल्यावर सोल्डरिंगची बत्ती नसेल तर लोक काय म्हणतील? बत्ती आली म्हणून हेमचंद्रांनी आग विझवायचा लाल सिलिंडर आणला. सिलिंडर भिंतीवर टांगायचा म्हणून ड्रिल मशीन आलं. ड्रिलची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क आले. केदारने एकदा कारखान्याच्या भंगारातून रीतसर विचारून तांब्याची वीतभर तार आणून दिली. तिचं बिल नसल्यामुळे ती परत पाठवण्यात आली.

ओव्हनचं प्रकरण त्याहून गहन होतं. मातीचा ओव्हन खाण्याच्या पदार्थांना वापरू नये, असं पाकिटावर लिहिलेलं. हा नियम निसळांच्या घराला एका क्षणात पटला, कारण त्या घरात असल्या नियमांची पूर्वपीठिका होती. पहिल्या ओव्हनमध्ये केदारने एकदा अंड्याचा केक केला होता, तेव्हापासून तो अंड्याचा ओव्हन म्हणून बाल्कनीत गेला होता. दुसरा बिनअंड्याचा, तो स्वयंपाकघरात. आता तिसरा, मातीचा. तो आला, पण त्याचं खोकं उघडलं नाही. उघडलं की वॉरंटी सुरू होणार, आणि काम सुरू व्हायच्या आत वॉरंटी सुरू होणं हेमचंद्रांना मान्य नव्हतं. ओव्हन तपासल्याशिवाय काम सुरू करणंही त्यांना मान्य नव्हतं. या दोन मतांमध्ये काही अडचण आहे असं त्यांना वाटत नव्हतं. नोकरीत अशा दोन मतांवर त्यांनी कित्येक वर्षं काढली होती.

एवढा पसारा ठेवायचा कुठे? घरात एकच खोली अशी होती की जिचा मालक बाहेरगावी असे. मनवाच्या पलंगाची फळी काढून भिंतीला लावली गेली, कपाटं आली, कपाटांना कुलपं आली, आणि किल्ल्या हेमचंद्रांच्या करगोट्याला गेल्या. आषाढात मनवा घरी आली तेव्हा तिची गादी हॉलमध्ये, टीव्हीसमोर घातलेली होती.

"माझी खोली?" तिने विचारलं.

"तुझ्या कानातल्यांना दिली," आई म्हणाली. बोलल्यावर आईलाही ते कसंतरीच वाटलं.

हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण एकदा महिला मंडळाच्या अध्यक्षा पंकजाताई विरजण मागायला आल्या आणि त्यांनी ती खोली पाहिली. रांगेत लटकणाऱ्या पकडी, चकचकीत ऐरण, रंगांप्रमाणे लावलेले मण्यांचे डबे, भिंतीवरचा लाल सिलिंडर. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि चपला काढून आत गेल्या.

"सुमेधाताई, तुम्ही एवढ्या मोठ्या कलाकार, आणि आम्हाला पत्ताच नाही?"

"अहो, अजून काही केलेलं नाही मी."

"हाच तुमचा मोठेपणा," पंकजाताई म्हणाल्या.

विरजण राहिलं बाजूला. श्रावणातल्या मंगळागौरीला मंडळाने सुमेधाताईंचं 'दागिने-निर्मिती: एक साधना' या विषयावर व्याख्यान ठेवलं. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. प्रश्नोत्तरं तासभर चालली. पकड कुठली घ्यावी, पाटा संगमरवरी असावा की काचेचा, ब्लेड ठेवायला पाऊच कुठे मिळतो. तुम्ही काय काय केलंत, हे एकीनेही विचारलं नाही. सुमेधाताई त्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवून गेल्या होत्या, आणि उत्तर तसंच घरी घेऊन आल्या. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं होतं. तीस वर्षं पोरांच्या शेंबडात गेलेल्या बाईला कोणी पहिल्यांदा 'मॅडम, जरा फोटो' असं म्हणालं होतं.

त्यानंतर गल्लीत साथच आली. घरोघर पकडी आल्या. संध्याकाळी बायका एकमेकींकडे हत्यारं बघायला जाऊ लागल्या, आणि जिच्याकडे ऐरण नव्हती ती 'आमच्याकडे अजून सुरुवात आहे' असं खालच्या आवाजात सांगू लागली. गनीभाईंनी दुकानात पंखा बदलून एसी बसवला. दागिना मात्र सबंध सावेडीत एकही झाला नाही. एका बाईंनी म्हणे एकदा मणी वळला होता. पण त्यांच्याकडे फक्त दोनच पकडी असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही.

मनवा फोनवर विचारायची, "आई, झालं का माझं?" पहिल्यांदा सुमेधाताई ओशाळून म्हणायच्या, "अगं, बाबांचं चाललंय." श्रावणानंतर त्यांच्या बोलण्यात फरक पडला. "असं घाईने होत नसतं, मनू. चौथी पकड येऊ दे." पलीकडून फक्त तिच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनचा आवाज यायचा.

मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची, ही आपली जुनी रीत. वर्षातला हा एकच दिवस असा की सगळी दुनिया आपल्या मतावर येते, असं हेमचंद्रांना वाटे. त्यांनी पाटावर पकडी, हातोडी, कानस, बत्ती आणि खोक्यासकट ओव्हन मांडला. चौथ्या पकडीच्या जागी सुपारी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आरती झाली. केदारने व्हिडिओ कॉल लावून मनवाला दाखवलं.

"बाबा," मनवा म्हणाली, "ही हत्यारं दमलीत कशाने?"

हेमचंद्रांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. सुमेधाताईंनी मात्र ऐकलं. रात्रीच्या जेवणात त्या दोनदा वाढायला विसरल्या.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. मनवाचं लग्न चार दिवसांवर आल्यावर हेमचंद्रांनाही परिस्थितीचं गांभीर्य जाणवलं आणि त्यांनी माती खाली उतरवायची परवानगी दिली. केदारने माळ्यावरून गोणी ओढली. ती धाडकन जमिनीवर आली आणि एक फरशी फुटली. सबंध उन्हाळा पत्र्याखाली काढून मातीने स्वतःला भाजून घेतलं होतं. वरची पाकिटं दगड झाली होती, आतली हात लावताच भुगा होत होती. सोन्यासारखी माती तिथल्या तिथे वीट होऊन गेली.

हेमचंद्रांनी बजरंगला फोन लावला.

"सायेब, उन्हात माझं युरियाचं पोतं बी असंच बसतं," बजरंगने धीर दिला. "पावसाळ्यात सुटंल आपोआप. वाट बघा."

त्याच दुपारी मनवा आली. हॉलमध्ये पाहुण्यांच्या बॅगा होत्या, म्हणून ती आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. आत आई कपाटांच्या मध्ये स्टुलावर बसली होती. चारी बाजूंना हत्यारं, मध्ये रिकामे हात.

"आई, राहू दे गं," मनवा हळूच म्हणाली. "मी एक जोड ऑनलाइन घेऊन ठेवलीय. छान आहे ती पण."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजूत घालत होती, आणि ते सुमेधाताईंना लागलं. लेकीने आठ महिन्यांत एवढी एकच गोष्ट मागितली, आणि आपण तिला व्याख्यानं दिली. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून थेट स्वयंपाकघरात गेल्या. पाहुण्यांचा चहा करायचा होता. साय काढायला त्यांनी फ्रीज उघडला, भांडं बाजूला सरकवलं, आणि त्यामागे स्टीलचा डबा दिसला.

नमुना. पिवळा, थंड आणि दाबला तर दबणारा.

हेमचंद्र घरी नव्हते. सकाळीच गनीभाईंचा फोन आला होता, 'साहेब, चौथी आली', आणि ते रिक्षा करून गेले होते. सुमेधाताईंनी चहाचं आधण उतरवून ठेवलं. माती दोन तळव्यांमध्ये धरून मळली, पोळपाटावर तिच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या, आणि एकेक गोळी अंगठ्याने दाबून पाकळी काढली. मोदकाची कळी काढतात, तशी. पाकळीवर पाकळी बसत गेली. भोक टूथपिकने पाडलं. भाजायला बाल्कनीतला अंड्याचा ओव्हन घेतला. तो तसाही बाटलेलाच होता. हूक त्यांनी स्वतःच्या जुन्या चांदीच्या झुमक्यांचे काढले आणि भुवया कोरायच्या चिमट्याने अडकवले. हे सगळं झाल्यावर चहा पुन्हा चढवला. पाहुण्यांना उशीर झाल्याचं कळलंही नाही.

मनवाने जोड तळहातावर घेतली. फुलं काही अगदी एकसारखी नव्हती. डावं जरा जास्त उमललं होतं. पण प्रत्येक पाकळीवर बारीक रेषा होत्या, खऱ्या शेवंतीवर असतात तशा. तिने निरखून पाहिलं. त्या आईच्या अंगठ्याच्या रेषा होत्या. तिने फुलं कानांत घातली आणि आईच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. सुमेधाताईंच्या हाताला हळद, साय आणि माती लागलेली होती, म्हणून त्यांना तिला नीट जवळही घेता येईना.

तेवढ्यात हेमचंद्र चौथी पकड घेऊन दारात आले. त्यांनी पोळपाट पाहिला, रिकामा डबा पाहिला.

"नमुना वापरला?" ते म्हणाले. मग त्यांनी मुलीच्या कानांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "छान झालंय." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "कशाने केलंस?"

"अंगठ्याने."

"अंगठा आपण खरेदीत धरलाच नव्हता," हेमचंद्र विचारात पडून म्हणाले.

रिसेप्शनला सोन्याकडे कोणी पाहिलं नाही. जो तो शेवंतीकडे बघत होता. मंडळाच्या बायकांनी सुमेधाताईंना आइस्क्रीमच्या काउंटरपाशी गाठलं.

"कुठल्या टूलने काढल्या हो पाकळ्या?"

"अंगठ्याने."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "सांगायचं नसेल तर राहू द्या," एक जण म्हणाली. पंकजाताई मात्र कान देऊन ऐकत होत्या. "कुठल्या कंपनीचा?" त्यांनी विचारलं.

सुमेधाताईंनी आपला हात वर करून दाखवला. तो बायकांना पुरावा वाटला नाही.

या अविश्वासाने हेमचंद्र व्यथित झाले. आपल्या पत्नीला कोणी लबाड समजावं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी सुमेधाताईंच्या उजव्या अंगठ्याचा साचा घेतला आणि नागापूरच्या एका वर्कशॉपमधून हुबेहूब, रेषांसकट, सिलिकॉनचा अंगठा ओतून आणला. गनीभाईंनी त्याच्यासारखे आणखी करवून काउंटरवरच्या मखमलीवर मांडले आणि संक्रांतीच्या आत सगळा माल संपला. लहान, मध्यम, मोठा, डावा वेगळा. मंडळाने हळदीकुंकवाला वाण म्हणून अंगठेच वाटले. बायका आपल्या दोन्ही अंगठ्यांनी तो चेपून पाहत आणि म्हणत, "मऊ आहे नाही?" गनीभाईंच्या वाडवडिलांपासूनचं एक कोडंही तेव्हा सुटलं. हा अंगठा धरायला नेमकी चौथी पकड लागते.

फाल्गुनात बंगळुरूहून मनवाचा फोन आला.

"आई, एक कानातलं बेसिनमध्ये गेलं गं. मी खूप शोधलं." तिचा आवाज रडवेला होता. "एकच करून पाठवशील? पिवळी माती मी मागवून देते."

"करते की. त्यात काय," सुमेधाताई म्हणाल्या. "फक्त थोडं थांब. बाबांनी अंगठा मंडळाच्या प्रदर्शनाला दिलाय. तो परत आला, की लगेच बसते."

सुमेधाताईंना वाटलं, रेंज गेली असावी. फोन खांद्याशी धरून त्या ओट्यावरचा हळदीचा डाग पुसत होत्या. फडकं हाताशी नव्हतं, म्हणून अंगठ्याने.

तर, वाचकहो, हसलात, उत्तम झालं. हे पान धरून ठेवणारा किंवा पडद्यावर वर सरकवणारा तुमचा अंगठा जागेवर आहे ना, एकदा बघून घ्या. आणि या गोष्टीत गनीभाईंच्या दुकानाचा पत्ता कुठेच दिलेला नाही, म्हणून मघापासून तुमची जी चुळबूळ चाललीय, तीही आमच्या ध्यानात आहे. जाऊ नका. चौथी पकड सध्या तिथे शिल्लक नाही.